सुई अडकली नव्हती

परिसंवाद होऊन आता महिना झाला. माझ्या निबंधाला बक्षीस मिळालं नाही, आणि ते मिळेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण वर्गातली मुलं अजून विचारतात, की अमेरिकेच्या रॅपवर लिहायचं होतं तर पनवेलला कशाला गेला होतास? मुंबईला जायचं, निदान पुण्याला तरी. मी दर वेळी काहीतरी वेगळं सांगतो आणि नंतर वाटतं, हे बरोबर नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो आहे. आमच्या भागातल्या बहुतेकांनी पनवेल पाहिलंय ते मुंबईच्या एसटीच्या खिडकीतून, दहा मिनिटं. मी तिथे चार दिवस राहिलो.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेजात कशाला नाही म्हणता येतं हे मला ठाऊक नव्हतं. परिसंवादाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. माझ्या चिठ्ठीवर 'पाश्चात्त्य संगीतातील नवा प्रवाह : रॅप' असं होतं. शेजारच्याला 'सहकार चळवळ' आली होती. मी बदलून मागितली, त्याने चिठ्ठी खिशातच घातली. ग्रंथालयात मासिकाच्या एका अंकात अर्ध्या पानाची माहिती सापडली, तीही मध्येच फाटलेली. मग मामाचं पत्र आलं. मामा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उतरवायचं काम करतो. त्याने लिहिलं होतं, की आमच्या गोदामाच्या गेटवर काशिनाथ नावाचे एक गृहस्थ आहेत, वीस वर्षं बोटीवर होते, त्यांच्याकडे असल्या बडबडीच्या कॅसेटी पेटीभर आहेत, ये.

वहीत प्रश्न लिहून मी निघालो. संस्थापक कोण? स्थापना कधी? उद्देश काय? पहिला प्रश्न मी लाल शाईने लिहिला होता.

कळंबोली

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. आमच्याकडे तेव्हा थंडीने ओठ फुटतात. घाट उतरून खाली आलो तर स्वेटर नकोसा झाला. हवेला मिठाचा वास होता, आणि कळंबोलीला पोचल्यावर त्यात गंजाचा मिसळला. मी लोखंड पाहिलं होतं ते कुदळीत आणि खिडकीच्या गजात. इथे ते डोंगरासारखं पडलं होतं. सळयांचे भारे ट्रकवरून उतरताना जमीन हादरते. पहिल्यांदा मी दचकून मागे सरलो तेव्हा मामाच्या मुकादमाला हसू आवरेना.

गेटवर खुर्चीत बसलेला, पांढऱ्या मिशांचा, निळी टोपी घातलेला माणूस म्हणजे काशिनाथकाका. मामाने माझी ओळख करून दिली. त्यांनी माझी वही मागून घेतली, पहिलं पान वाचलं आणि परत दिली.

"काय कालेजवाले, ही काय पतपेढी हाय? संस्थापक कोन म्हनतो."

मी कानकोंडा झालो. मी म्हटलं, प्रत्येक गोष्ट कुणीतरी सुरू केलेली असते. ते म्हणाले, की मग गावात पहिल्यांदा कोण हसलं ते सांग. मामा हसला, मी वहीत काय लिहावं ते न कळून पेनाचं टोपण लावलं. पाळी संपल्यावर काका मला सायकलवर मागे बसवून आपल्या गावी घेऊन गेले. मामाच्या खोलीत नऊजण राहत होते, तिथे टेप वाजवायला जागा नव्हती.

पळस्प्याजवळचं गाव

गोव्याचा रस्ता जिथे फुटतो त्या पळस्प्याच्या फाट्यापासून आत, पंधरा मिनिटांवर काकांचं घर. एके काळी दारापासून खाडीपर्यंत त्यांची भाताची जमीन होती, ती नव्या शहरासाठी गेली. आता घर, पडवी आणि मागची वाडी एवढंच उरलं आहे. वाडीत वाल फुलला होता. जमिनीचं त्यांनी मला सायकल लावता लावता सांगितलं, जसं कुणी पाहुण्याला पाण्याचा हंडा कुठे आहे ते सांगतं.

त्यांच्या बायकोने, हिराकाकूंनी, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. आमच्या घरी मासळी येत नाही. मी सुकट म्हणजे तिळाची चटणी समजून मोठा घास घेतला आणि मग काय करावं ते कळेना. काकूंनी न विचारता ताटली उचलली आणि वालाचं बिरडं आणून ठेवलं. आमची ज्वारीची भाकरी मोडताना आवाज होतो, ही नुसती घडी घातल्यासारखी वाकते. ते बिरडं मी तीनदा घेतलं.

जेवणानंतर काकांनी पत्र्याची पेटी उघडली. कॅसेटी खेपेप्रमाणे लावल्या होत्या. ही कुठल्या बंदरातली, ही कुठल्या बोटीवरची, त्यांना पाठ होतं. ते एकेक लावत गेले आणि मी गोंधळत गेलो. एकीत माणसं मजेत टाळ्या पिटत बोलत होती. दुसरीत ढोलकं माणसाने वाजवल्यासारखं नव्हतं, मशीनचं होतं, आणि बोलणारा रागावलेला होता. काका म्हणाले, घरं, पोलीस, उंदीर, नोकरी नाही, हे सांगतोय. तिसरी अलीकडची, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या शहरातली. तीत शिव्याच शिव्या आहेत, असं ते म्हणाले. मला त्या शिव्याही कळल्या नाहीत. इंग्रजी मी पुस्तकातून शिकलो आहे, आणि पुस्तक एवढ्या घाईत नसतं.

मी विचारलं, या तिन्हींना एकच नाव कसं? सूर नाही, चाल नाही, विषय वेगळे. काका म्हणाले, की त्यांनाही दर खेपेला हाच प्रश्न पडायचा. दोन वर्षांनी परत जावं तर मागची कॅसेट दुकानदाराला जुनी वाटायची.

शेवटी त्यांनी रुमालात बांधलेली एक कॅसेट काढली. ती विकतची नव्हती. बोट इंजिनाच्या दुरुस्तीसाठी न्यूयॉर्कला तीन आठवडे अडकली होती. बोटीवरचा आचारी जमैकाचा, त्याची बहीण तिथल्या ब्राँक्स भागात राहायची. तो काकांना जेवायला घेऊन गेला. काकांनी नुकताच सिंगापूरला टेप घेतला होता, तो मिरवायला बरोबर नेला. संध्याकाळी खाली बागेत पोरं जमली, विजेच्या खांबातून वायर ओढली आणि रेकॉर्डवर गाणी सुरू केली. काकांनी टेप चालू केला. आजूबाजूच्या निम्म्या इमारती जळून काळ्या पडल्या होत्या आणि मधे ही जत्रा, असं ते म्हणाले.

"ही एकच हाय," ते म्हणाले. "दुसरी कुठं नाय. एका बाजूला ते पोरं, पलीकडं आमची हिरा. सुट्टीवर आलो तवा तिचा लग्नातला धवला भरून घेतलेला, बोटीवर ऐकायला. तुज्या सभेत वाजवायला नेशील, पन आदी नीट ऐक. मधे सोडू नको."

एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. माझा निबंध त्या रुमालात आहे असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या घरी हळद होती, तिथे मी धवला प्रत्यक्ष ऐकला. हिराकाकू या भागातल्या धवलारीण आहेत. लग्नात त्या गातात, गाता गाता देवांना बोलावतात, मग घरातल्यांची, पाहुण्यांची नावं घेत जातात. मी मांडवात शिरलो तर माझंही नाव, माझ्या गावासकट, गाण्यात आलं. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी खांबामागे गेलो. पण डोक्यात एकदम प्रकाश पडला. चाल कमी, बोलणं जास्त, ठेक्यावर शब्द. म्हणजे हे आपलंच! मी पळत काकांकडे गेलो आणि सांगितलं, की रॅप म्हणजे अमेरिकेतला धवला.

"नाय," ते म्हणाले. "सगला आपलाच कसा आसंल? त्यांना त्यांचा काय तरी राहू दे की."

मी वहीतलं वाक्य खोडलं. मग शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

पडवी

तिसऱ्या दिवशी काका कामावर गेले आणि काकू हळदीच्या घरी. पडवीत मी एकटा, टेप आणि ती कॅसेट. नीट ऐकायचं असं ठरवून बसलो. सुरुवातीला गलका, मग गाणं, मग गाण्यातला नुसता ढोलाचा तुकडा. तो तुकडा संपला आणि परत तोच आला. परत तोच. मध्ये कुणीतरी माइकवर ओरडत होतं, पण ढोल पुढे सरकत नव्हता. मी घड्याळ लावलं. दोन मिनिटांहून जास्त वेळ तोच तुकडा.

इथे मला माझ्याबद्दल सांगितलं पाहिजे. सुट्टीत मी विट्याला चुलतभावाच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. गुंतलेली टेप सोडवणं, तुटलेली जोडणं, खराब तुकडा ब्लेडने काढून टाकणं, हे मला डोळे झाकून येतं. कॉलेजात मला न येणाऱ्या गोष्टी पुष्कळ, ही एक येणारी. आणि रेकॉर्ड अडकली की काय होतं ते मी शेकडो वेळा ऐकलेलं आहे. सुई एका खाचेत बसते आणि तेच ते वाजत राहतं. बिचाऱ्या पोरांची सुई अडकली, आणि काकांनी ते तसंच भरून घेतलं. गेली अनेक वर्षं ते हे बिघडलेलं ऐकत आले. सभेत असं वाजवलं तर लोक हसतील.

मला काकांसाठी काहीतरी करायचं होतं. खाल्लेल्या भाकरीचं ऋण डोक्यावर होतं. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड होतं, ते माझ्याकडे नेहमी असतं. कॅसेटचे स्क्रू उघडले, अडकलेला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बाहेर काढला, दोन्हीकडे कापला आणि उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडली. जोड इतका चांगला बसला की माझा चुलतभाऊही खूश झाला असता. वाजवून पाहिलं. ढोल एकदा वाजला आणि गाणं सरळ पुढे गेलं. काढलेला तुकडा बारा-तेरा हात भरला असेल. तो मी पडवीच्या कोपऱ्यात केराच्या सुपात टाकला.

वाडीतली पोपटी

त्या संध्याकाळी माझ्यासाठी पोपटी केली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ, परत पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आमच्याकडे हुरडा असतो तसं हे यांचं. फरक एवढाच, की हुरडा मळत मळत, बोलत बोलत खातात आणि इथे मडकं उतरेपर्यंत सगळे जाळाकडे बघत गप्प असतात. त्या गप्प वेळात मी काकांना सांगितलं, की तुमची कॅसेट दुरुस्त केली, सुई अडकली होती तेवढा भाग काढला.

काकांनी जाळात एक काटकी सरकवली. मला वाटलं, त्यांना आवडलं.

मग त्यांनी विचारलं, किती काढलास. मी हात पसरून दाखवलं. ते उठले, आत जाऊन टेप लावला, बाहेर येऊन पुन्हा बसले. ढोल एकदा वाजला आणि गाणं सरळ पुढे गेलं. त्यांनी टेप बंद केला नाही, गाणं तसंच चालू राहिलं. शेंगांचा वास यायला लागला होता आणि कुणीही मडकं उतरवत नव्हतं.

"सुई अडकली नव्हती," काका म्हणाले. "त्या पोराकडं दोन तबकड्या होत्या. दोनीवर तेच गानं. हिच्यावरचा ढोल सरला की तिच्यावरचा चालू करायचा, तवर ही मागं फिरवायची. हातानं. पोरं नाचायला त्याच तुकड्याची वाट बघत आसायची, म्हनून तो संपूच देत नव्हता."

मी विचारलं, मुद्दाम?

"मुद्दाम. तुज्या वहीत लिव, तिथनंच हे सगला निघाला. बाकी गानी दुसऱ्यांची होती. त्यांचा सोताचा तेवढाच होता."

मला उभं राहावं की बसावं ते कळेना. पण खरी गोष्ट अजून पुढेच होती, आणि ती हिराकाकूंनी सांगितली. त्या ढोलावर माइकवाला माणूस जमलेल्यांची नावं घ्यायचा. सुरुवातीला त्याचं कामच तेवढं होतं, कोण आलंय ते पुकारायचं. यमकं जुळवणं आणि लांब लांब बोलणं नंतर वाढत गेलं. आचाऱ्याने जाऊन त्याच्या कानात सांगितलं, आणि त्याने काकांचं नाव घेतलं. एवढ्या मोठ्या शहरात, जिथे त्यांना आचाऱ्याशिवाय कुणी ओळखत नव्हतं, एका अनोळखी माणसाने माइकवर त्यांचं नाव पुकारलं आणि शंभर पोरांनी ते परत म्हटलं. वीस वर्षं बोटीवर त्यांना नंबरानेच हाक मारायचे. ते नाव मी कापून केरात टाकलं होतं.

सुपाकडे धावलो तर सूप रिकामं.

"ती काली फीत?" काकू म्हणाल्या. "ती मी वालावर बांदली की. चिमन्या येतात."

वालाचा वाफा

आमच्याकडेही द्राक्षांच्या बागेत जुन्या टेपा बांधतात. वाऱ्याने त्या भणभणतात आणि पाखरं बसत नाहीत. पण त्या टेपांवर काय भरलेलं असतं असा विचार मी कधी केला नव्हता. काकूंनी काठ्या रोवून चारी बाजूंनी फीत ताणली होती. अंधार पडत होता, काका म्हणाले आता ओढशील तर तुटेल, उजाडल्यावर बघू. पोपटी आम्ही खाल्ली. चव मला सांगता येणार नाही.

सकाळी दव होतं. मी आणि काका काठीकाठीवरून गाठी सोडत गेलो. फीत एका ठिकाणी कुंपणाच्या काट्यात अडकली होती, तिथे वीतभर चुरगळली होती, दोन ठिकाणी गाठीपाशी ताणली गेली होती. काकूंनी ती आपल्या पदराने पुसली. वाऱ्यात तिचा बारीक आवाज येत होता आणि आम्ही तिघंही उगाचच तो ऐकत थांबलो.

मी जोडायला बसलो. कालचा जोड उघडला. चमकती बाजू कुठली आणि मळकट कुठली ते कळतं, पण सुरुवातीचं टोक कुठलं आणि शेवटचं कुठलं, ते फितीवर लिहिलेलं नसतं. काठ्यांवरून काढताना ते माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी अंदाजाने एक टोक धरलं. काकांनी विचारलं, खात्री हाय ना? मी हो म्हटलं. या चार दिवसांतलं माझं सगळ्यात मोठं खोटं तेच.

टेप लावला. गलका, गाणं, ढोल. मग जोडावर 'टक्' असा आवाज, आणि ढोल थांबून हिराकाकू गायला लागल्या.

चूक काय झाली ते मला लगेच कळलं. फितीच्या वरच्या अर्ध्यात कॅसेटची एक बाजू भरलेली असते, खालच्या अर्ध्यात दुसरी. तुकडा उलट्या टोकाने बसला की या बाजूचा आवाज त्या बाजूला जातो. मी काकांकडे न बघता कॅसेट बाहेर काढली आणि उलटी करून लावली. आता धवला होता. काकूंचा तरुण आवाज देवांना बोलावत होता, मग मांडवात कोण कोण आलं ते सांगत होता. पुन्हा 'टक्'. आणि ढोल, तोच तो, परत परत, आणि वर एक खरखरीत आवाज. चुरगळलेल्या जागी तो पाण्यात बुडाल्यासारखा झाला आणि वर आला. या वेळी मला शब्द कळले, कारण काय शोधायचं ते ठाऊक होतं.

"काशी! काशी, ऑफ द बिग शिप!"

आणि पोरांनी ते परत म्हटलं.

काकांनी टेप मागे नेला. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेला. असं पाच-सहा वेळा झालं. मी म्हटलं, काका, उलटं बसलंय, मी पुन्हा कापतो, आता बरोबर जोडतो. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"कापू नको," काकू म्हणाल्या. "धवला चाललेला आस्ताना मांडवात मानूस आला, तर त्याचा नाव घ्यायचा आसतो. आला तो आला."

"आगो, पन तो तुजा धवला नाय," काका म्हणाले. "तो त्यांचा हाय."

"मंग त्यांचा. मी कुठं माजा बोल्ले?"

मी वही उघडली, ते खोडलेलं वाक्य आणि त्याच्याशेजारचं प्रश्नचिन्ह पाहिलं, आणि त्यातलं काय ठेवावं ते न ठरवता वही मिटली. लाल शाईतल्या प्रश्नाखालची जागा मी पुढेही कोरी ठेवली. परिसंवादात एका प्राध्यापकांनी नेमकं तेच विचारलं, की मग हे मूळ कोणाचं? मी म्हणालो, सर, मला अजून कळलेलं नाही. सभागृहात हशा झाला.

पळस्पे फाटा

दुपारी काका मला फाट्यापर्यंत सोडायला आले. कॅसेट मी पडवीत टेपाशेजारीच ठेवली होती. ती मागायचं तोंड मला उरलं नव्हतं, आणि सभेत नुसतंच बोलावं लागेल याची मनात तयारी करत होतो. फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती, गोव्याकडचे एकीकडे, पुण्याकडचे दुसरीकडे, आणि सगळे एकदम हॉर्न देत होते. पुण्याची गाडी दिसली. मी वाकून पाया पडलो.

उठलो तर त्यांच्या हातात तो रुमाल होता.

"ने. सभेत वाजव. मामाकडं परत पाठव." मी हात पुढे केला, पण त्यांनी रुमाल सोडला नाही. दुसरा हात पसरला. "ब्लेड हिकडं ठेव."

मी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मग त्यांनी रुमाल सोडला.